मात्रा उघड्या ठेवून

अक्षरबदलाचं कोडं करायला बसलं की पहिली शोधाशोध वाक्याची असते. कुठलंही वाक्य चालत नाही. चार-सहा शब्दांचं, कानाला ओळखीचं, तरीही पटकन ओठांवर न येणारं असं काहीतरी हवं असतं. म्हणी बऱ्याचदा उपयोगी पडतात. कधी आजीच्या पिढीतल्या बायकांचं एखादं ठेवणीतलं बोलणं आठवतं. ते कागदाच्या वरच्या अंगाला लिहायचं, खाली क पासून ळ पर्यंतची व्यंजनं मांडायची, प्रत्येकासमोर दुसरं एखादं व्यंजन बसवायचं आणि मग तेच वाक्य नव्या अक्षरांत लिहायला घ्यायचं. लिहिताना पेन सावकाश चालतं, कारण हाताची ओढ मूळ अक्षराकडे असते. शेवटचा शब्द लिहून झाला की मी सगळं एकदा मोठ्यानं वाचते. या खेळातला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच. अर्थ पार निघून गेलेला असतो, पण चाल तशीच राहिलेली असते. कुठे लांबवायचं, कुठे थांबायचं, आवाज कुठे वर न्यायचा हे सगळं जागच्या जागी. शेजारच्या खोलीत कुणी मराठी बोलत असावं, शब्द कळू नयेत आणि तरी बोलणं आपलं वाटावं, तसं ते ऐकू येतं.

चाल टिकते ती मी मात्रांना हात लावत नाही म्हणून. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि अ, आ, ई असे सुटे स्वर सगळे जसेच्या तसे ठेवायचे आणि फक्त व्यंजनं झाकायची, हा माझा नियम. इंग्रजी कोड्यात सव्वीस अक्षरं असतात, सगळी एका रांगेत उभी. आपल्याकडे अक्षर म्हणजे व्यंजन आणि त्याला बिलगलेला स्वर. की, कू, के, को या प्रत्येकाला वेगळी खूण द्यायची म्हटली तर चौतीस व्यंजनांची बाराखडी चारशेच्या वर जाते. एवढ्या खुणांचं कोडं कुणाला सुटायचं नाही. मी तसं करून पाहिलं होतं. कागद चिन्हांनी भरून गेला आणि त्यात मराठी कुठे दिसेना. व्यंजन आणि स्वर वेगळे करून पाहिले तेव्हा खेळात जीव आला.

पुढे कळलं की ही वाट फार जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे, तिच्यात म्लेच्छितविकल्प म्हणून एक कला येते. आपसांत ठरवून बोलणं-लिहिणं दुसऱ्याला कळू नये असं करायचं, अशी ती कला. गाणं, चित्रं काढणं, फुलं गुंफणं यांच्या पंक्तीला तिला बसवलंय याचं मला फार बरं वाटतं. यशोधराच्या जयमंगला या टीकेत तिचे प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला एक मूलदेवाच्या नावावर आहे. मूलदेव म्हणजे संस्कृत कथांमधला तो प्रसिद्ध चतुर धूर्त. त्याच्या पद्धतीत व्यंजनांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतल्या दोघांनी जागा बदलायच्या. त आणि प ची जोडी, न आणि म ची जोडी, ख आणि ग ची जोडी. मी हे वाचलं तेव्हा लगेच कागद ओढला. मान लिहिलं, त्याचं नाम झालं. पाप लिहिलं, त्याचं तात झालं! दोन्हीकडे धड मराठी शब्द, दोन्हीकडे अर्थ, आणि मधे फक्त दोन अक्षरांनी केलेली अदलाबदल. त्या संध्याकाळी मी अशा जुळ्या शब्दांच्या मागे लागले आणि स्वयंपाक राहून गेला.

माझी कोडी पहिल्यांदा जातात ती ताईकडे. ती साताऱ्याला असते आणि अजूनही फोनवर कोडं लिहून घेणं तिला जास्त आवडतं. मी वाचायचं, तिनं वहीत उतरवायचं. मध्यंतरी तिला एक दिलं:

रामका भेईरा अंलस जापहे

"राम दिसतोय गं," ती म्हणाली, आणि लगेच, "तो राम नाहीच, सोड." यात खरं तर माझा काही डाव नव्हता, अक्षरं लावताना राम आपोआप तयार झाला होता. तसा तो झाला की ठेवायचा की मोडायचा हा प्रश्न पडतो. मी ठेवते. वाट चुकवणारी एखादी खूण असावी, पण ती दोन पावलांत खोटी ठरावी, एवढं मी पाहते.

ताईनं दुसरा शब्द धरला. भेईरा. शब्दाच्या मधोमध सुटा ई, त्याच्या आधी एक मात्रा, शेवटी काना. तिनं मोठ्यानं शक्यता म्हणायला सुरुवात केली. देईना, घेईना, येईना, नेईना. "नेईना नाही," ती म्हणाली, "त्यात पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच आलं असतं." म्हणजे भ काहीही असो, शेवटचा रा हा ना असणार. मग पहिल्या शब्दाची सुरुवातही ना. ना, मग एक झाकलेलं अक्षर, मग काना असलेलं एक अक्षर. ती थोडा वेळ गप्प होती. फोनवर तिच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. येईनाच्या आधी काय येतं? करता येईना, बोलता येईना. तिथे ता बसतो. ना, काहीतरी, ता. आणि मग तिला एकदम हसू आलं, कारण पुढचं तिला सोडवावं लागलंच नाही. अंगण आपसूक आलं, वाकडेही आलं. नऊ व्यंजनांपैकी जेमतेम चार तिनं शोधली, उरलेली तिच्या कानानं आणून दिली. "नाचता येईना म्हणे! मला म्हणतेस का?" असं ती वर म्हणाली तो भाग वेगळा.

हे कान काय काय जाणतात याचा विचार करायला लागलं की मी थक्क होते. मराठीत ळ नं शब्द सुरू होत नाही. ण नंही जवळपास नाहीच. शाळेत हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं, पण कोड्यात शब्दाच्या आरंभी आलेल्या अक्षराला आपण ळ समजायला धजावतच नाही. वाक्याच्या शेवटी आ आणि मात्रा असलेलं एक अक्षर दिसलं की ते आहे असणार आणि ह हाती लागला. अर्ध्या अक्षराला जोडून काना आलेला असेल, आणि हे पुन्हा पुन्हा शब्दांच्या शेवटी घडत असेल, तर ते च्या, ल्या, त्या यांपैकी काहीतरी. म्हणजे य सापडला. माझा स्वतःचा लाडका दुवा ऱ्हस्व वेलांटीचा आहे. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, हा शुद्धलेखनाचा नियम. पाणी, गाडी, मोती सगळे दीर्घ. अपवाद म्हणून जे थोडे शब्द उरतात त्यांत रोजच्या वापरातला आणि आहे. तेव्हा कोड्यात दोन अक्षरी शब्दाच्या शेवटी पहिली वेलांटी दिसली आणि तो आ नं सुरू होत असला, की तिथे आणि उभा आहे हे डोळे मिटून सांगावं. शुद्धलेखनाचा तो नियम लहानपणी रुक्ष वाटायचा. आता आणि लिहिताना माझं लक्ष दर वेळी त्या वेलांटीकडे जातं.

अक्षरं मोजून गुपित फोडायची रीत प्रथम मांडली ती नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्या भाषेतला मजकूर आहे त्याच भाषेतलं एखादं पानभर साधं लिखाण घ्या, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, मग झाकलेल्या मजकुरातल्या खुणा तशाच मोजा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. एडगर ॲलन पोच्या १८४३ सालच्या द गोल्ड-बग या कथेत चाच्यांच्या पुरलेल्या खजिन्याचा पत्ता याच रीतीनं लागतो. त्या चर्मपत्रावर आकडे आणि विरामचिन्हं आहेत, ८ हा आकडा सगळ्यात जास्त वेळा आलाय, म्हणून तो इंग्रजीतला ई. आणि अर्धविराम, ४, ८ हे तिघं एकत्र फिरताना दिसतात, म्हणून ते द. कथा संपते तेव्हा खजिन्यातली हिरे-माणकं माझ्या फारशी लक्षात राहत नाहीत. तो अर्धविराम आणि ते दोन आकडे मात्र राहतात. मराठीत मोजायला बसलं तर काना सगळ्यांच्या पुढे असतो, आणि व्यंजनांत र, त, न, ल, य ही मंडळी हटकून पुढच्या रांगेत. झ आणि ढ बिचारे मागे कुठेतरी. पण माझ्या कोड्यात मोजणीचा उपयोग बेताचाच, कारण वाक्य लहान असतं. वीस-पंचवीस व्यंजनांत मोजण्यासारखं असतं काय? तिथे अंदाज लागतो, आणि तो कानातून येतो.

ताईचा आणि माझा हा नाद पोस्टकार्डांपासूनचा. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. घरी फोन नव्हता. कार्ड स्वस्त, पण कार्ड म्हणजे उघडं पत्र. पोस्टमनपासून काकूपर्यंत ते सगळ्यांच्या डोळ्यांखालून जायचं. त्यामुळे कार्डाच्या शेवटी एक ओळ आकड्यांची असे. ती अंकपल्लवी आम्हाला आजोबांनी शिकवली होती. अ चा वर्ग पहिला, क चा दुसरा, मग च, ट, त, प, य आणि श, असे आठ वर्ग. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा वर्गातल्या अक्षराचा, तिसरा मात्रेचा. ता म्हणजे ५१२. मी म्हणजे ६५४. आजोबा हेच हातानं करून दाखवत आणि त्याला करपल्लवी म्हणत. हात सापाच्या फण्यासारखा केला की अ चा वर्ग, कमळासारखा केला की क चा, मग बोटांनी अक्षर आणि चुटक्यांनी मात्रा. आम्ही मैत्रिणी तेव्हा च ची भाषा बोलायचो, कुठे च्या जागी चठेकु आणि जातोस च्या जागी चतोसजा, आणि ती इतकी भरभर की मोठी माणसं वैतागून उठून जात. पण बोललेलं हवेत विरतं. कार्डावरचे आकडे राहिले. ताईच्या सासरी सगळं सुरळीत असे तेव्हा आकड्यांची ओळ लांबलचक आणि खोडकर असायची. एका पावसाळ्यात कार्डावर बाकी सगळं नेहमीसारखं खुशालीचं होतं आणि खाली फक्त ७१७ होतं. य चा वर्ग सातवा, त्यात पहिलं अक्षर, सातवी मात्रा. ये. मी आईला ते वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आई तिच्याकडे गेली.

झाकलेल्या अक्षरांकडे मी नुसता खेळ म्हणून पाहत नाही ते त्या तीन आकड्यांमुळे. आणि महानुभावांच्या पोथ्यांविषयी वाचताना मला जे होतं तेही त्यामुळेच. चक्रधरस्वामींच्या या पंथानं तेराव्या शतकापासून मराठीत लिहिलं. म्हाइंभटांचं लीळाचरित्र, महदाइसेचे धवळे, मराठी गद्याचा आणि मराठी स्त्रीच्या कवितेचा अगदी सुरुवातीचा ऐवज. आणि हे सगळं पंथानं पुढे सांकेतिक लिप्यांत उतरवलं. सकळ, सुंदरी अशी त्यांची नावं. त्यांतली सकळ लिपी रवळोबासांनी रचली असं मानतात, आणि तिचं तत्त्व हेच की एका अक्षराच्या जागी दुसरं. ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून ही कुलपं. पिढ्यान्‌पिढ्या मठांत पोथ्या उतरवल्या जात होत्या, वाचल्या जात होत्या, पूजल्या जात होत्या, आणि बाहेरच्या मराठी माणसाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीचा माग काढला, पंथातल्या महंतांनीही किल्ल्या दिल्या, आणि वि. ल. भाव्यांना महाराष्ट्र सारस्वत या आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पुढच्या आवृत्तीत या वाङ्मयासाठी मोठी जागा करावी लागली.

ज्यांनी झाकलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्यांना आपले ग्रंथ जिवापाड प्रिय होते त्यांनी ते जपायचा आपला मार्ग शोधला, आणि पोथ्या टिकल्या हे खरंच आहे. पण महदाइसेचे शब्द मराठी बायकांच्या कानावर एवढी शतकं पडले नाहीत याची हळहळ वाटते, ती काही केल्या जात नाही. लग्नात म्हणायची गाणी ती! ती कुलपात राहिली. कोडं करताना मला हे आठवतं, आणि मी किल्ली वाक्यातच ठेवते. कुठे ठेवायची हीच रचणाऱ्याची खरी कारागिरी. आणि हा शब्द घालायचा की वगळायचा, सुटा ई कुठल्या शब्दात आणायचा, एखादं जोडाक्षर द्वित्त असलं तर ते आरंभीच्या शब्दात बसतं का. म्हण फार छोटी असली तर दोन-तीन वेगळी वाक्यं त्याच साच्यात बसू शकतात. मग सोडवणारी व्यक्ती बरोबर असूनही चूक ठरते, आणि असा अन्याय मला खपत नाही. क्लॉड शॅननं १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. इंग्रजीत साध्या अक्षरबदलाला पंचवीस-तीस अक्षरं मिळाली की मजकुराचा अर्थ साधारण एकच उरतो, असा त्याचा हिशेब. आपल्या उघड्या मात्रांमुळे त्याहून कमीत भागतं, असा माझा अनुभव आहे. शब्दांमधली जागा काढून टाकणं, शुद्धलेखन मुद्दाम बिघडवणं, सगळ्या मजकुरात कुणी न ऐकलेले शब्द भरणं, हे प्रकार मला आवडत नाहीत. त्यानं कोडं कठीण होतं, चांगलं होत नाही. चांगल्या कोड्यात सोडवणाऱ्याला स्वतःच्या भाषेवर विसंबता आलं पाहिजे.

सोडवणाऱ्याच्या हातात किल्ली आली की तो त्याच लिपीत लिहूही शकतो, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकारात फार मोहक वाटते. कॉनन डॉइलच्या १९०३ सालच्या नाचणाऱ्या माणसांच्या गोष्टीत होम्स ती चित्रलिपी नुसती वाचून थांबत नाही. तीच नाचणारी माणसं काढून तो एक चिठ्ठी पाठवतो आणि गुन्हेगार, ती आपल्या माणसाचीच समजून, चालत घरी येतो. खऱ्या आयुष्यातही असं घडलं आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या टाइम्समध्ये प्रेमी जीव सांकेतिक लिपीत छोट्या जाहिराती देत, आणि चार्ल्स व्हीटस्टन हा शास्त्रज्ञ आपला मित्र लायन प्लेफेअर याच्याबरोबर त्या सोडवत बसे. ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या प्रेयसीला पळून जाऊ या असं सुचवलं, तेव्हा व्हीटस्टननं त्यांच्याच लिपीत, असं करू नका, म्हणून जाहिरात दिली. पुढची जाहिरात त्या मुलीची, उघड उघड, लिपी न वापरता दिलेली. आता लिहू नकोस, आपली लिपी फुटली आहे, अशा आशयाची. मी त्या मुलीचा पुष्कळदा विचार करते. तिसऱ्या कुणाला तरी आपलं बोलणं कळतंय हे त्या सकाळी वर्तमानपत्र उघडल्यावर तिला समजलं, तेव्हा तिला काय वाटलं असेल? भीती तर नक्कीच. पण एका अनोळखी माणसानं एवढे कष्ट घेऊन आपलं मन वाचलं, हेही कुठेतरी उमटलं असेल.

ताई आता माझी कोडी सोडवते आणि उत्तर माझ्याच किल्लीनं लिहून परत धाडते. माझा र म्हणजे न, माझा भ म्हणजे य, हे तिनं एकदा काढलं की ती त्या अक्षरांत सुखानं वावरते. तिची नात नववीत आहे, तिनं हल्ली स्वतःची किल्ली करायला घेतली आहे आणि तिच्यात ट ला ट च ठेवलाय. ताई म्हणते, असं करू नये. मी म्हणते, करू दे. कुणी म्हटलंय की प्रत्येक अक्षरानं घर सोडलंच पाहिजे?

लेख वाचणाऱ्यांसाठी एक करून ठेवलं आहे. किल्ली वरच्या कोड्याची नाही, नवी आहे. मात्रा, अनुस्वार आणि सुटे स्वर उघडे आहेत, विरामचिन्हं खरी आहेत, कुठलंही व्यंजन स्वतःच्या जागी नाही. तिसऱ्या शब्दाची वेलांटी नीट पाहावी. पुष्कळ शब्दांच्या शेवटी टा आलाय, त्याच्याकडेही लक्ष असू द्यावं.

उम्मल गाहनटं आबि आचंश ठाटा, मल पटा रजसू चरा. आबघी रोबाटा मली चसं रोनं दाटा.